टाइम झोन युजरला विचारायचा तरी कसा?

षड्ज_कोडवाली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज हात टेकले म्हणून धागा काढतेय. माझी मावशी सांगलीत गाणं शिकवते. लॉकडाउनमध्ये सुरू झालेले ऑनलाइन क्लास नंतर बंद झालेच नाहीत, उलट वाढले, आता निम्मे विद्यार्थी न्यू जर्सी, लंडन, दुबई असे पसरलेत. आधी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं, "उद्या तुमच्या नऊला" वगैरे. त्यात घोळ व्हायला लागले म्हणून मी सुट्टीच्या दिवशी बसून तिला बुकिंगचं छोटं अ‍ॅप करून दिलं.

साइन-अपला टाइम झोनचा ड्रॉपडाउन ठेवला, चारशेच्या वर नावं. पहिली युजर अर्थातच मावशी. तिने सांगली शोधलं, पुणे शोधलं, मुंबई शोधलं आणि मला फोन, "अगं यात आपण नाहीच आहोत." मी म्हटलं 'एशिया/कोलकाता' निवड. तर म्हणते मी कोलकात्याची कशाला? मुलांना वाटेल क्लास तिकडून चालतो.

मग नावं काढून टाकली आणि नुसते 'यूटीसी +५:३०', 'यूटीसी -४' असे पर्याय ठेवले (यूटीसी म्हणजे जगाची मूळ प्रमाणवेळ, तिच्या किती तास पुढे-मागे ते). लोकांनी उन्हाळ्यात निवडले, सगळं छान चाललं. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत घड्याळं मागे गेली आणि त्या शनिवारी सकाळी ७ ला मावशी तंबोरा जुळवून बसलेली, समोर कोणीच नाही. न्यू जर्सीची मुलगी अ‍ॅपमध्ये दिसत होतं तसं तिच्या रात्री साडेनऊला आली, म्हणजे आपल्याकडे आठ वाजले होते. मावशीने मला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तर प्रश्न असा की हे विचारायचं कसं? यादी द्यायची, ब्राउझरकडून परस्पर घ्यायचं की गावाचं नाव टाइप करायला लावायचं? की विचारूच नये?

बिनपगारी_फुलअधिकारी
मावशींचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. बाकी चर्चा चालू द्या.

जुना_खोडवा
तुमचा पहिला प्रयोग दिसायला वाईट पण आतून बरोबर होता. दुसरा दिसायला सोपा आणि मुळातच चुकलेला. 'उणे ४' हा टाइम झोन नव्हे हो, तो त्या दिवसापुरता फरक. न्यू जर्सीत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत उणे ४ आणि उरलेल्या दिवसांत उणे ५, आणि हे वेळापत्रकसुद्धा २००७ पासूनचं, त्याआधी एप्रिल ते ऑक्टोबर असं होतं. 'अमेरिका/न्यूयॉर्क' हे नाव साठवलं की हे सगळे नियम त्या नावासोबत येतात. नुसता आकडा साठवला तर त्याला पुढचं-मागचं काही माहीत नसतं.

आता कोलकात्याचं. टाइम झोनच्या नावांची ही यादी आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ऐंशीच्या दशकात सुरू केली, नंतर पॉल एगर्ट सांभाळू लागले, आता ती आयएएनए या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. ढोबळ नियम असा की १९७० नंतर ज्या भागाचं घड्याळ शेजाऱ्यापेक्षा वेगळं चाललं त्याचीच वेगळी नोंद करायची, आणि नाव द्यायचं त्या भागातल्या मोठ्या लोकवस्तीच्या शहराचं. देशांची नावं मुद्दाम टाळली कारण देश फुटतात, सीमा बदलतात. भारतभर एकच वेळ, म्हणून एकच नोंद, आणि ती तेव्हाच्या कलकत्त्याच्या वाट्याला गेली. गंमत म्हणजे शहरांची नावंही बदलतातच, कलकत्त्याचं कोलकाता झालं आणि २०२२ मध्ये त्या यादीत कीवचं स्पेलिंगही बदललं.

थोडक्यात, साठवायला ते नाव ठेवा. मावशींना दाखवायला नाही.

टेस्टर_ताई
खोडवाकाका +१. त्यात एक भर. आमच्या टेस्टमध्ये फायरफॉक्स 'एशिया/कोलकाता' पाठवायचा आणि क्रोम 'एशिया/कलकत्ता'. दोन्ही एकच, जुनं नाव नव्याकडे बोट दाखवतं. पण आमच्या एका शहाण्याने कोडमध्ये दोन अक्षरमाळा सरळ जुळवून बघितल्या होत्या, त्यामुळे फोनवर फायरफॉक्स आणि ऑफिसात क्रोम वापरणाऱ्या माणसाला रोज "तुम्ही प्रवासात आहात का?" असं विचारलं जायचं. खुर्चीवरून न हलता कोलकाता-कलकत्ता प्रवास.

गवती_चहा
आयएसटी म्हणजे इंडियन स्ट्रेचेबल टाइम हे कोणी कसं नाही म्हणालं अजून

बिनपगारी_फुलअधिकारी
म्हणायचंच होतं, पण उशीर झाला.

कर्जत_स्लो
आयएसटीवरून हसताय पण माझी त्यावरून नोकरी जायची वेळ आली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. ग्राहकांना सकाळी दहाला आठवणीचा मेल जायचा. मी कोडमध्ये वेळेपुढे 'आयएसटी' असं लिहून पोस्टग्रेसला, म्हणजे आमच्या डेटाबेसला, दिलं. मेल जायला लागले दुपारी दीडला. दोन दिवस मी सर्व्हर, क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम), मेलवाल्यांची रांग सगळं तपासलं. साडेतीन तास कुठून येतात कळेना. शेवटी एका सीनियरने विचारलं, इस्रायल आपल्या किती मागे आहे रे?

तर पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसी अधिक २. भारताची हवी असेल तर लघुरूपांचा 'इंडिया' नावाचा वेगळा संच निवडावा लागतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या टाइमझोन क्लासमध्ये मात्र तेच आयएसटी आपलं. आणि आयरिश लोकांच्या उन्हाळ्यातल्या वेळेलाही आयएसटीच म्हणतात. एक नाव, तीन वाटेकरी, आणि लायब्ररीगणिक निकाल वेगळा. अमेरिकन सीएसटी (सेंट्रल) आणि चिनी सीएसटीचंही (चायना) असंच आहे.

म्हणून ताई, टाइप करायला लावलंत तर तीन अक्षरी काहीही स्वीकारू नका.

अर्धा_कप
आणि यादीत 'ईटीसी/जीएमटी-५' वगैरे दिसलं तर ते आधी उडवा. तिथे चिन्ह उलटं असतं. उणे ५ म्हणजे ग्रीनिचच्या पाच तास पुढे. पोसिक्स या युनिक्सच्या नियमावलीची जुनी रीत. पाकिस्तानातला माणूस आपला +५ शोधतो, 'ईटीसी/जीएमटी+५' दिसलं की त्याला वाटतं हाच, आणि जाऊन पडतो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर.

न्यूजर्सीकरीण
मी त्या दुसऱ्या बाजूची, मुलगी तबला शिकते, सर सोलापूरला असतात. त्यामुळे वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कोडिंगचं मला कळत नाही.

एक, मला माझा टाइम झोन माहीत असतो असं धरून चालू नका. आम्ही 'ईस्टर्न' म्हणतो, उन्हाळ्यातसुद्धा लोक सर्रास 'ईएसटी' (हिवाळ्यातली वेळ) लिहितात, तेव्हा खरं तर ईडीटी (उन्हाळ्यातली) असतं. दोन, ब्राउझरकडून परस्पर घेतलं तर माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून वेगळंच येतं कारण तो रिमोट मशिनवर उघडतो आणि ते मशिन कुठल्या गावात आहे ते देवाला माहीत. तीन, जुलैमध्ये आम्ही दीड महिना पुण्याला असतो. एका अ‍ॅपने तिथे लॉगिन केल्याबरोबर माझं प्रोफाइलच बदलून टाकलं, न विचारता, आणि परत आल्यावर दोन आठवडे मध्यरात्री नोटिफिकेशन. नवरा म्हणाला बंदच कर ते.

विचारा. पण सोप्या भाषेत विचारा. एवढंच.

वाळवंटातला_पोहा
फिनिक्समधून हजेरी. अ‍ॅरिझोना घड्याळ बदलत नाही. म्हणजे बहुतेक अ‍ॅरिझोना, ईशान्येचं नवाहो नेशन बदलतं. इथून भारत कायम साडेबारा तास पुढे, लक्षात ठेवायला सोपं. पण ज्या फॉर्ममध्ये फक्त ईस्टर्न, सेंट्रल, माउंटन, पॅसिफिक असे चार पर्याय असतात तिथे मी माउंटन निवडतो आणि मार्चमध्ये एक तासाने फसतो. 'अमेरिका/फिनिक्स' असं वेगळं नाव यादीत आहे, ते फॉर्मवाल्यांनी गाळलेलं असतं. का, तर "युजरला गोंधळ नको".

षड्ज_कोडवाली
अरे बापरे. माझ्याकडे फिनिक्सचा एक विद्यार्थी आहे. बघते.

सरळसोट
सगळे इतकं अवघड का करताय कळत नाही. डेटाबेसात यूटीसी, दाखवताना लोकल. संपलं. दहा वर्षं हेच करतोय, एकदाही अडलं नाही.

कर्जत_स्लो
सरळसोट, दहा वर्षांतले किती युजर भारताबाहेरचे?

सरळसोट
नाहीत. पण तत्त्व तेच ना.

जुना_खोडवा
तत्त्व अर्धंच. झालेल्या गोष्टींना यूटीसी उत्तम. पैसे कधी आले, लॉगिन कधी झालं, तिथे प्रश्नच नाही. घोळ पुढच्या गोष्टींचा आहे. समजा २०२३ च्या जानेवारीत कैरोतल्या कोणी मे महिन्यातली संध्याकाळी सातची वेळ घेतली. तुम्ही तेव्हाच्या नियमाने तिचं यूटीसी करून ठेवलंत. मार्चमध्ये सरकारने जाहीर केलं की काही वर्षं बंद असलेली उन्हाळी वेळ पुन्हा सुरू, आणि एप्रिलच्या शेवटी घड्याळं पुढे गेली. तुमचं यूटीसी आता त्याच्या आठला उघडणार. त्याने मागितले होते सात. त्याच मार्चमध्ये लेबनॉनने तर कहर केला, घड्याळ बदलायच्या तोंडावर जाहीर केलं की बदल रमजान संपेपर्यंत पुढे ढकललाय, अर्ध्यांनी ऐकलं, अर्ध्यांनी नाही, चार दिवस देशात दोन वेळा चालल्या आणि मग निर्णय मागे घेतला. म्हणून पुढच्या भेटीसाठी 'मे १०, संध्याकाळी ७, आफ्रिका/कैरो' असं जसंच्या तसं ठेवायचं, यूटीसी लागेल तेव्हा काढायचं. आणि सर्व्हरवरची झोनची फाइल वेळच्या वेळी अद्ययावत करायची, हे तर कोणीच करत नाही.

सरळसोट
ठीक आहे, पुढच्या भेटीपुरतं मानतो. लॉगला यूटीसीच.

जुना_खोडवा
लॉगला यूटीसीच. त्यावर वाद नाही.

टेस्टर_ताई
आणि जन्मतारखेला दोन्ही नको! फॉर्ममध्ये १५ ऑगस्ट निवडायची, ब्राउझर तिला भारतातली मध्यरात्र समजतो, यूटीसीत नेतो, डेटाबेसात पडते १४ ऑगस्ट १८:३०. मग कोणीतरी वेळ छाटून तारीख वाचतो आणि माणूस एक दिवसाने म्हातारा. कुठल्याही भारतीय कंपनीच्या डेटाबेसात ओळीने १८:३० दिसले की समजायचं इथे कोणाची तरी मध्यरात्र पुरलेली आहे. तारखेला टाइम झोन नसतो, तिला तारीखच राहू द्या.

पंचांगी_भाऊ
अवांतर होतंय पण राहवत नाही. मी हौशी पत्रिकावाला, त्यासाठी स्वतःपुरतं सॉफ्टवेअरही लिहिलंय. तुम्हाला पुढच्या वेळेची चिंता, आम्हाला मागच्या.

आजोबांचा जन्म १९३८ चा, गिरगावातला. वहीत लिहिलंय सकाळी ७-१०. पण कुठल्या घड्याळाने? भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची, पण मुंबईने आपला 'मुंबई टाइम' सोडला नाही, तो तिथे १९५५ पर्यंत चालू होता. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वेचं घड्याळ एक, गावाचं दुसरं. लग्नराशी साधारण दोन तासांत बदलते, त्यात ३९ मिनिटं म्हणजे खेळ नाही. वर युद्धाच्या काळात, १९४२ ते ४५, अख्ख्या देशाची घड्याळं एक तास पुढे होती. खोडवाकाकांच्या यादीत युद्धाचा तो तास नोंदलेला आहे, पण मुंबईचं वेगळं खातं नाही, कारण १९७० चा नियम. त्यामुळे माझ्या फॉर्ममध्ये १९५५ आधी मुंबईत जन्मलेल्यांना एक जादा प्रश्न येतो, 'मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?' उत्तर बहुतेकांना माहीत नसतं, मग दोन्ही पत्रिका काढून देतो आणि ज्याला जी आवडेल ती.

गवती_चहा
ज्याला जी आवडेल ती :)) हे फारच प्रामाणिक ज्योतिष झालं

पंचांगी_भाऊ
हसा. पण २०११ मध्ये याच यादीवर खटला झाला होता, आणि कोणी केला, तर अ‍ॅस्ट्रोलॅब नावाच्या अमेरिकेतल्या ज्योतिष सॉफ्टवेअरच्या कंपनीने. त्यांच्या अ‍ॅटलासमधली जुनी माहिती वापरली म्हणून ओल्सन आणि एगर्ट दोघांवर. यादी काही काळ इंटरनेटवरून गायब झाली, मग ती आयकॅनने (आयएएनए चालवणारी संस्था) आपल्याकडे घेतली. २०१२ च्या फेब्रुवारीत कंपनीने खटला मागे घेतला. जगातल्या फोन-सर्व्हरांची घड्याळं ज्या फाइलीवर चालतात ती कुंडलीवाल्यांनी कोर्टात नेली होती.

न्यूजर्सीकरीण
पंचांगीभाऊ, इकडे संकष्टीला तो घोळ दर महिन्याला असतो. आई फोनवर पुण्याचा चंद्रोदय सांगते. मी म्हणते अगं माझा चंद्र वेगळ्या वेळी उगवतो. "चंद्र एकच आहे" हे तिचं उत्तर.

पंचांगी_भाऊ
आईंना सांगा चंद्र एकच, क्षितिजं दोन.

डबल_रिक्षा
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण कोणी एक गोष्ट विचारलीच नाही. शनिवार सकाळचे ७ हे नक्की कोणाचे? म्हणजे नोव्हेंबरात अमेरिकेचं घड्याळ सरकल्यावर मावशी आठला बसणार, की मुलगी साडेनऊऐवजी साडेआठला येणार? दोन्ही घड्याळं एकदम स्थिर राहूच शकत नाहीत. कोणाला तरी हलावं लागणार, आणि ते अ‍ॅप ठरवू शकत नाही, माणसांनी ठरवायचं. आमच्या ऑफिसात अमेरिकेसोबतची मीटिंग तिकडच्या घड्याळाला बांधलेली, म्हणून हिवाळ्यात आम्ही रात्री एक तास जास्त जागतो. कोणी ठरवलं? ज्याच्या हातात पगार त्याने.

न्यूजर्सीकरीण
आमच्या सरांनी ठरवलंय. वर्षातून दोनदा मेल येतो, "तुमचे घड्याळ बदलले, आमचे नाही." खाली सही. मार्चमध्ये त्यांचा लंडनचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच बॅचला असतात तेव्हा मजा येते, अमेरिका आधी बदलते, लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे कोण कधी उगवेल सांगता येत नाही. ऑक्टोबरला परत तेच, २०२५ मध्ये लंडन २६ ऑक्टोबरला बदललं आणि आम्ही २ नोव्हेंबरला.

षड्ज_कोडवाली
डबल_रिक्षा, हे मी मावशीला विचारलं. उत्तर शब्दशः देते: "सात म्हणजे सात. साडेआठला दूधवाला येतो."

म्हणजे क्लास सांगलीच्या घड्याळाला बांधलेला. आणि हे कळल्यावर माझं अर्धं डोकं हलकं झालं, कारण मग विद्यार्थ्याचा टाइम झोन क्लासची वेळ ठरवायला लागतच नाही, फक्त त्याला दाखवायला लागतो. स्क्रीनवर दाखवायचं तर त्या क्षणी ब्राउझर काय सांगतो ते पुरे. आठवणीचा मेल मात्र सर्व्हरवरून जातो, तिथे ब्राउझर उघडा नसतो, त्यासाठी नाव साठवावंच लागणार. मी उगाच सगळीकडे तो एकच आकडा वापरत होते.

अर्धा_कप
मेलमध्ये दोन्ही वेळा लिहा. "तुमच्याकडे शुक्रवार रात्री ८:३०, सांगलीत शनिवार सकाळी ७". वारासकट. वार विसरलात तर लोक एक दिवस चुकतात, तास नाही.

कर्जत_स्लो
आणि अर्ध्या तासाच्या पायऱ्या करून ड्रॉपडाउन बनवू नका प्लीज, नेपाळ +५:४५ आहे.

षड्ज_कोडवाली
सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी परत आलेय कारण खरंच बदललं.

ड्रॉपडाउन गेला. आता साइन-अपला एकच ओळ येते: "तुमच्याकडे आत्ता शुक्रवार, रात्रीचे ९:४० वाजलेत. बरोबर?" अंदाज ब्राउझरचा, पण खात्री माणसाची. खाली 'हो' आणि 'नाही'. 'नाही' म्हटलं तर गाव टाइप करायचं. जिओनेम्स या जगभरच्या गावांच्या यादीच्या फाइलीत गावांसोबत टाइम झोनचा रकाना असतो, तो वापरला. फिनिक्सवाल्या मुलाचं अमेरिका/फिनिक्स आपोआप आलं. ब्राउझर आणि साठवलेलं नाव जुळलं नाही तर गपचूप बदलत नाही, "तुम्ही सध्या दुसरीकडे आहात का, की कायमचे गेलात?" असं विचारते (न्यूजर्सीकरीण, हे तुमच्यामुळे). आणि कलकत्ता-कोलकाता एकच धरलंय, टेस्टर_ताई. २४ जणांपैकी तिघांनी 'नाही' दाबलं, त्यातले दोघे ऑफिसच्या लॅपटॉपवर होते.

मावशीने पुन्हा पहिल्यापासून करून बघितलं. गावात 'सांगली' टाइप केलं, आलं, खाली 'भारत' एवढंच दिसतं. कोलकाता आत कुठेतरी आहे, तिला सांगितलेलं नाही.

बिनपगारी_फुलअधिकारी
मस्तच. फक्त एक शंका. तंबोरे मिरजेचे आणि यादीत सांगली?

षड्ज_कोडवाली
मिरजही आहे हो. मावशीचा तंबोरा तिथलाच आहे, आधी तेच टाइप करून बघितलं तिने.